यादीत 'हो' आलं, म्हणजे सुरक्षित?

रत्नागिरीतला एखादा दातांचा दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवाल? २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याचा १९४९ चा कायदा शुश्रूषागृहांसाठी आहे. खाटा नसलेला दवाखाना त्यात बसत नाही. मग तपासायला उरतं काय? डॉक्टरांची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, एक्स-रे यंत्राची नोंद. म्हणजे बहुतेक कागदपत्रंच.

वैद्यकीय सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी पाहावा, असं डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच मांडलं. आपल्या याद्या मात्र पहिल्याच अंगापाशी अडकतात. 'ऑटोक्लेव्ह आहे का?' आहे. झाली खूण! पण पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला, तर ती तापली एवढंच कळतं. जंतू खरंच मेले का, हे पाहायला बीजाणू-चाचणी लागते.

२०२३ मध्ये तामिळनाडूतल्या वाणियंबाडीत एका दंत दवाखान्याशी जोडलेल्या मेलिऑइडोसिसच्या संसर्गाने आठ जण दगावले. संशोधकांचा माग पोचला तो सलाइनच्या उघडून पुन्हा वापरलेल्या बाटलीपर्यंत. ही बाटली कुठल्या परवान्यावर दिसली असती?

म्हणून प्रश्नावली करताना प्रत्येक रकान्यापाशी थांबा: इथे 'हो' आलं, तरी काय चुकू शकतं? आणि 'सलाइन आहे का?' असं विचारू नका. 'ही बाटली कधी उघडली?' असं विचारा.