पायथनचे स्थित्यंतर व अक्षरगणना

पायथन या आज्ञाभाषेची तिसरी आवृत्ती २००८ साली प्रसिद्ध झाली. दुसरीचा सांभाळ मात्र १ जानेवारी २०२० पर्यंत करावा लागला. या दिरंगाईचे खापर छपाईच्या आज्ञेस लागलेल्या कंसांवर फोडणे उथळपणाचे होय. खरा भेद मजकुराच्या कल्पनेत आहे. युटीएफ-८ मध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा साधा शब्द दुसरी आवृत्ती पंधरा घटकांचा मानी, कारण ती बाइट मोजी. तिसरी युनिकोडची चिन्हे मोजून पाच सांगते. जुन्या आज्ञावलींत बाइट व मजकूर यांची झालेली सरमिसळ निस्तरणे सर्वस्वी यंत्रावर सोपविता येण्याजोगे नव्हते. सुधारणा निःसंशय स्वागतार्ह. परंतु भाषिक दृष्ट्या ती अपुरीच आहे. मराठी वाचक म, रा, ठी अशी तीनच अक्षरे मोजतो. काना-वेलांटीस स्वतंत्र घटक मानणाऱ्या या गणनेवर अक्षरगणवृत्तांचे परीक्षण करू पाहणाऱ्या संशोधकास अक्षरविभाजन अद्याप निराळेच करावे लागते.