माइंडफुलनेस वर्कशॉप: औषध तेच, पण डोस कुठे गेला?

परीक्षेच्या आधी कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर हमखास येतं. कमळाचं चित्र, ‘माइंडफुलनेसमधून तणावमुक्ती’, वेळ एक तास, उपस्थिती सक्तीची, ई-सर्टिफिकेट मिळेल. तुम्हीही अशा हॉलमध्ये कधीतरी बसला असाल. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, विचार आले तर येऊ द्या. शेजारचा मुलगा मात्र डोळे उघडे ठेवून मांडीवर जर्नल पूर्ण करत असतो, कारण सबमिशन चार वाजता असतं.

शेवटी वक्ते म्हणतात, “हे संशोधनातून सिद्ध झालेलं आहे.”

माझा आक्षेप श्वासावर नाही, या वाक्यावर आहे. नेमकं काय सिद्ध झालंय, ते आज बघूया.

विद्यार्थी आणि माइंडफुलनेस या विषयावरचा एक चांगला प्रयोग केंब्रिज विद्यापीठात झाला. 2018 मध्ये तो ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये छापून आला. 616 विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला विद्यापीठाची नेहमीची समुपदेशन सेवा उपलब्ध होती. दुसऱ्याला ती सेवा होतीच, शिवाय आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स मिळाला. मग ऐन परीक्षेच्या काळात दोन्ही गटांचा मानसिक त्रास प्रश्नावलीने मोजला. नेहमीच्या सेवेच्या गटात 57 टक्के विद्यार्थी चिंताजनक मानल्या जाणाऱ्या रेषेच्या वर होते, कोर्सच्या गटात 37 टक्के. हा फरक लहान नाही. म्हणजे ‘हे सगळं थोतांड आहे’ असं म्हणणाऱ्यांचंही चुकतंय.

पण आता बारीक अक्षरातलं वाचा. कोर्स आठ आठवड्यांचा होता, शिकवणारी व्यक्ती प्रशिक्षित होती आणि घरी सराव करायचा होता. आलेले सगळे स्वतःहून आले होते, हजेरीसाठी नाही. तरीही निम्मा किंवा त्याहून जास्त कोर्स पूर्ण करणारे सुमारे 60 टक्केच निघाले. त्या वेळी तीव्र नैराश्य किंवा चिंता असलेल्यांना प्रयोगात घेतलंच नव्हतं. आणि कोर्स कोणाला मिळाला हे विद्यार्थ्यांना माहीत होतं. ज्याला काहीतरी मिळालंय तो ‘बरं वाटतंय’ असं थोडं जास्त सांगतो, हेही धरून चालावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, समुपदेशन सेवा दोन्ही गटांना होती. माइंडफुलनेस तिच्या *जोडीला* दिलं, तिच्या *जागी* नाही.

“बरं, फायदा नाही झाला तरी सगळ्यांना सरसकट द्यायला काय हरकत आहे?” असं कोणी म्हणेल. ब्रिटनमध्ये शाळांच्या पातळीवर हे करून पाहिलं गेलं. ‘मिरियड’ नावाच्या या प्रयोगात 85 शाळा आणि आठ हजारांवर मुलं होती. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन वर्गातच माइंडफुलनेस शिकवलं. 2022 मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. ती मुलं 11 ते 14 वर्षांची होती, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा कॉलेजला लावता येणार नाही. पण ‘सगळ्यांना बसवा, काहीतरी होईलच’ या आशेला त्याने नक्कीच धक्का दिलाय.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी परदेशी उदाहरणं. तर मग परळला येऊया. माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा प्रसिद्ध साचा जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत 1979 मध्ये सुरू केला. त्याच्या आधीच केईएम रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर वापरत होते. 1966 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त त्यांचा लेख आला. पुढे 1973 च्या सुमारास त्यांनी तुलना करून पाहिली. एका गटाला आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान असं सगळं दिलं. दुसऱ्याला वरवर योगासारखी दिसणारी आसनं आणि श्वसन दिलं, पण मन एकाग्र करण्याचा भाग गाळला. पूर्ण पद्धत घेणाऱ्यांना जास्त फायदा झाला.

आजच्या मापाने ते प्रयोग लहान होते आणि ते रुग्णांवर होते, विद्यार्थ्यांवर नाही. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: नुसतं *तसं दिसणारं* काहीतरी केलं तर चालतं का? त्यांचे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे रोज सराव करत होते. एका तासाच्या वर्कशॉपला त्याच संशोधनाचं नाव लावणं म्हणजे प्रतिजैविकाची एकच गोळी देऊन पूर्ण कोर्स झाल्याचं सर्टिफिकेट देण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न: ताण येतो कुठून? 2017 आठवा. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम लागू केली. उत्तरपत्रिका 17 लाखांहून जास्त. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, पुढच्या प्रवेशांवर डोळे लावून बसलेली मुलं अडकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या उन्हाळ्यात एखाद्या मुलाने कितीही मनापासून श्वास मोजला असता, तरी त्याची मार्कशीट आली नसती. ध्यान मनाची प्रतिक्रिया बदलू शकतं, कारण बदलत नाही.

आणि ‘सेल्फ-केअर’ म्हणाल, तर परळहून वरळीला जा. तिथल्या ‘अभ्यास गल्ली’त रस्त्याच्या दिव्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या मुलं अभ्यास करत आली. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्खं घर राहत असेल, तर शांतता बाहेरच शोधावी लागते. त्या मुलांना स्वतःची काळजी कशी घ्यायची हे शिकवण्यापेक्षा रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली अभ्यासिका देणं हा जास्त मोठा उपचार आहे.

मला खरी काळजी कशाची वाटते, ते सांगते. अशाच एका सत्रानंतर एक ज्युनिअर मला म्हणाली, “ताई, मला तर शांत बसायलासुद्धा जमत नाही. माझ्यातच काहीतरी बिघडलंय.” ती आली होती ताण घेऊन, गेली ताण आणि अपराधीपणा दोन्ही घेऊन. तिला गरज होती समोर बसून ऐकणाऱ्या, या कामात शिकलेल्या माणसाची.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं: 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. म्हणून पुढचं पोस्टर आलं की तीन प्रश्न विचारा. किती आठवडे? शिकवणारं कोण? आणि आपले समुपदेशक कोणत्या खोलीत, किती वाजता भेटतात? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर पहिल्या दोघांना फारसा अर्थ नाही.

ध्यानाने तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा, रोज करा. जमलं नाही तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. आणि रात्री फारच जड झालं तर सकाळची वाट बघू नका: टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.