लेखी मुलाखत आणि प्रश्नकर्त्याचा वांटा

ग्रंथकाराची मुलाखत समोरासमोर बसूनच व्हावी. प्रश्न लिहून पाठवावे आणि उत्तरें लिहून यावीं हा प्रकार मुलाखत या नांवास पात्रच नाहीं, असें मत आपल्याकडील रसिकांत अद्यापि पुष्कळ ऐकूं येतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, समोर बसलेला मनुष्य बोलतां बोलतां अडखळतो, एखादे वेळीं नको तें बोलून जातो, आणि त्या अडखळण्यांतच त्याचें खरें स्वरूप दिसतें. उलट लेखणी हातीं आली कीं तो सावध होतो, आणि सावध मनुष्याचें उत्तर म्हणजे त्याच्या पुस्तकास जोडलेलें एक पुरवणीचें पान! या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्या ग्रंथकारांनीं लेखी प्रश्नोत्तरांचीच पद्धति पत्करली त्यांचे संग्रह एकापाठोपाठ एक वाचले असतां मला निराळेंच कांहीं दिसतें. हे संग्रह जेथें फसले आहेत तेथें दोष बहुधा सावध उत्तर देणाराचा नसून आळशी प्रश्न विचारणाराचा आहे. ई-मेलच्या सोयीमुळें आपल्या मासिकांतून व दिवाळी अंकांतूनही अशा मुलाखती आतां येऊं लागल्या असल्यामुळें हा विचार केवळ परदेशी ग्रंथांपुरता राहिलेला नाहीं.

या पद्धतीचा सर्वांत हट्टी पुरस्कर्ता म्हणजे रशियांत जन्मून पुढें इंग्रजींत लिहूं लागलेला कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह. सन १९६१ पासून १९७७ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याचा मुक्काम स्वित्झर्लंडमधील मोंत्र्यो येथील एका हॉटेलांत होता. भेटीस येऊं इच्छिणाऱ्या वार्ताहरांस तो तीन अटी घालीत असे : प्रश्न लेखी हवे, उत्तरें लेखी मिळतील, आणि तीं एकही शब्द न बदलतां छापलीं पाहिजेत. बोलण्याच्या बाबतींत आपण अगदींच मूल आहों, असें त्यानें आपल्या मुलाखतींच्या ‘स्ट्राँग ओपिनियन्स’ (१९७३) या संग्रहाच्या प्रस्तावनेंत सांगून ठेविलें आहे. पुढें ‘फ्यूचर शॉक’ लिहून प्रसिद्धीस आलेला आल्विन टॉफ्लर १९६३ च्या मार्चमध्यें मोंत्र्योस गेला, तेव्हां त्याच्या हातीं टंकलिखित उत्तरेंच पडलीं. परंतु जानेवारी १९६४ च्या ‘प्लेबॉय’मध्यें ती मुलाखत अशी छापली गेली कीं, जणूं दोघे निवांत गप्पा मारीत बसले आहेत. हा भास निर्माण करण्यासाठीं उभयतांनीं बरेच श्रम घेतले होते, ही गोष्ट नाबोकोव्हनें मागाहून स्वतःच उघड केली. १९७५ सालीं फ्रेंच दूरचित्रवाणीवर बर्नार पिव्हो याच्यासमोर तो बसला तेव्हांही उत्तरें आधींच लिहिलेलीं होतीं, आणि तीं टिपणें त्यानें पुस्तकांच्या आडोशाला ठेविलीं होतीं.

या संग्रहांतील वाक्यें झगझगीत आहेत यांत शंका नाहीं. तरीही चारपांच मुलाखती सलग वाचल्यावर मन कंटाळतें. फ्रॉइडची हेटाळणी, मोठमोठ्या ग्रंथकारांस खालीं ओढणें, फुलपांखरांची आवड, हें सारें फिरून फिरून येतें. कारण प्रश्नही फिरून फिरून तेच येतात. प्रश्नकर्ता येथें झीलकऱ्यापलीकडे जात नाहीं. मुख्य गवयानें तान घ्यावी, यानें मागून सूर ओढावा, एवढेंच त्याचें काम! याला ठळक अपवाद आल्फ्रेड अ‍ॅपेल या प्राध्यापकाचा. हा कॉर्नेल विद्यापीठांत नाबोकोव्हचा विद्यार्थी होता. १९६६ च्या सप्टेंबरांत त्यानें घेतलेली मुलाखत १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. ‘लोलिता’ची सटीप आवृत्ति काढणारा हाच तो अ‍ॅपेल, ती १९७० सालीं निघाली. त्याचे प्रश्न विशिष्ट कादंबरीतील विशिष्ट रचनेविषयीं आहेत : हें विडंबन येथें कशासाठीं, कथेंतील पात्रास आपण कोणाच्या तरी कल्पनेंत वावरत आहों याचा सुगावा कां लागूं दिला, असे. अट तीच, उत्तर देणाराही तोच. पण येथें त्याला ठरीव शेरे मारून सुटतां येत नाहीं. लेखी पद्धतीनेंच मुलाखत मरत असती तर अ‍ॅपेलचीही मेली असती.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. इटालियन कादंबरीकर्त्री एलेना फेरांते हें नांव टोपणनांव आहे. तिची पहिली कादंबरी १९९२ सालीं निघाली. तिच्या आदल्याच वर्षीं तिनें प्रकाशकांना पत्र लिहून कळविलें कीं, या पुस्तकासाठीं आपण कोठेंही हजर राहणार नाहीं, कारण एकदां लिहून झालेल्या पुस्तकाला लेखकाची गरज नसते. अशा लेखिकेची मुलाखत लेखीच असणार. आणि ती प्रकाशकांमार्फतच व्हावयाची. हीं पत्रें व उत्तरें ‘फ्रांतुमाल्या’ या नांवानें २००३ सालीं एकत्र झालीं आणि २०१६ पर्यंत त्यांत मोठी भर पडली. नेपल्सच्या बोलींतील हा शब्द आपल्या आईच्या तोंडचा, असें ती सांगते. मनांत एकमेकांशीं न जुळणाऱ्या तुकड्यांचा जो गोंधळ माजतो त्याला तिची आई असें म्हणे.

हा शब्द पुस्तकांत ज्या ठिकाणीं उलगडला आहे तें ठिकाण पाहण्यासारखें आहे. ‘लिंदिचे’ या ग्रंथपरीक्षणाच्या नियतकालिकातर्फे दोघी जणींनीं तिला कांहीं प्रश्न पाठविले. प्रश्न लांबलचक होते. दोन कादंबऱ्यांतील नायिकांचें दुःख, आई व मुलगी यांचा संबंध, शहर, अंगावरचीं वस्त्रें, असे एकेक विषय त्यांनीं स्वतः विचार करून, आपलें वाचन पुढें ठेवून मांडले होते. उत्तर आलें तें कोणत्याही नियतकालिकाच्या मुलाखतींत मावण्याजोगें नव्हतें. शिवणकाम करणारी आई, बाळपणींचीं भयें, कार्थेजची राणी डायडो आणि तिचें शहर, अशीं वळणें घेत घेत तें एका दीर्घ निबंधाएवढें झालें, आणि संग्रहाला नांवही त्यानेंच दिलें. मला तर संपूर्ण पुस्तकांत हाच भाग सर्वश्रेष्ठ वाटतो. अखेरीस निकोला लाजोया या तरुण कादंबरीकाराशीं झालेला पत्रव्यवहार आहे, तोही याच जातीचा. ज्या वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, इटलीचें स्ट्रेगा पारितोषिक त्याला मिळालें त्याच वर्षीं अखेरच्या फेरींत फेरांतेचीही कादंबरी होती; तरी त्याच्या प्रश्नांत मत्सराचा लवलेश नाहीं, आणि खुशामतही नाहीं.

परंतु या दोन टोकांमध्यें काय आहे? देशोदेशींच्या वृत्तपत्रांनीं पाठविलेला एकच प्रश्न : आपण कोण, आणि लपतां कां? लेखिका दर वेळीं थोड्या निराळ्या शब्दांत तेंच उत्तर देते, आणि वाचक पानें उलटतो. संपादकांनीं वाढीव आवृत्तींतील ही भर निम्म्यानें छाटली असती तर पुस्तकाचें मोल वाढलें असतें.

येथें पहिला आक्षेप अधिक गंभीर रूपानें पुढें येतो. ऑक्टोबर २०१६ मध्यें एका शोधक पत्रकारानें पैशांचे व घरखरेदीचे कागद तपासून या टोपणनांवामागील व्यक्ति अमुक आहे असें जाहीर केलें. त्यानें दिलेलें समर्थन असें कीं, ‘फ्रांतुमाल्या’ या पुस्तकांतील आत्मचरित्रपर मजकूर खोटा आहे, तेव्हां सत्य जाणण्याचा वाचकांस हक्क आहे. या समर्थनाचा विचार शांतपणें केला पाहिजे. कारण तें खरें धरलें तर लेखी मुलाखत हा सभ्य फसवणुकीचाच एक प्रकार ठरेल. पण फेरांतेनें आपला डाव झांकलेला नाहीं. इटालो काल्व्हिनोनें एका अभ्यासक बाईस कळविलें होतें कीं, विचाराल तें सांगेन, पण खरें कधींही सांगणार नाहीं. हा दाखला तिनें त्याच पुस्तकांत संमतिपूर्वक दिला आहे. इतकें सांगूनही जो तीं पानें न्यायालयांतील जबानीप्रमाणें वाचतो, त्याची फसवणूक त्याची त्यानेंच केली. आई शिवणकाम करीत होती कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं, आणि तें ठाऊक झाल्यानें स्त्रीचें शरीर व तिचीं वस्त्रें यांविषयींचा त्या पानांतील विचार खरा अथवा खोटा होत नाहीं. पत्रकाराच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, वृत्तपत्रांत सुटी मुलाखत वाचणारापुढें काल्व्हिनोचा दाखला नसतो, आणि समोर बसलेल्या प्रश्नकर्त्याला “हें खरेंच घडलें काय?” असें जें चटकन् विचारतां येतें, तें पत्रानें विचारणाराला येत नाहीं.

लेखी पद्धतींत हरवतो तो हा प्रतिप्रश्न. ही हानि भरून काढतां येते काय, याचें उत्तर दक्षिण आफ्रिकेचा कादंबरीकार जे. एम. कुट्सी याच्या ‘डबलिंग द पॉइंट’ (१९९२) या ग्रंथांत मिळतें. त्यांत कुट्सीचे निबंध आहेत आणि निबंधांच्या प्रत्येक गटाबरोबर डेव्हिड अ‍ॅटवेल या अभ्यासकाशीं झालेला संवाद आहे. कुट्सीला मुलाखतींचा मनापासून तिटकारा. सत्याचें नातें बोलण्याशीं नसून शांततेशीं व लिहिण्याशीं आहे असें तो या संवादांतच सांगतो. पण अ‍ॅटवेल त्याला सुटूं देत नाहीं. तो मागील उत्तराचा धागा धरून पुढें जातो, मतभेद असेल तेथें तसें स्पष्ट म्हणतो, आणि आफ्रिकेच्या राजकारणांतील अवघड जागींही बोट ठेवतो. शेवटच्या संवादांत कुट्सी स्वतःच्या पूर्वायुष्याविषयीं एकाएकीं तृतीय पुरुषीं बोलूं लागतो : ‘मी’ जाऊन ‘तो’ येतो. समोरासमोरच्या भेटींत हें निव्वळ सोंग वाटलें असतें. कागदावर मात्र स्वतःकडे दुरून पाहण्याची त्याची धडपड त्यांतून कळते. या ग्रंथांत कांहीं पृष्ठें रूक्ष आहेत आणि भाषाशास्त्राची चर्चा सामान्य वाचकास जड जाईल, तरी लेखी संवादाचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहावें. टपालानें ज्या प्रतिप्रश्नाला आठवडे लागत तो ई-मेलनें त्याच दिवशीं पोंचतो. असें असतां आपण या सोयीचा उपयोग कशासाठीं करतों? दहा प्रश्नांची एकच यादी वीस साहित्यिकांस पाठविण्यासाठीं! ‘आपल्या लेखनाची प्रेरणा कोणती?’ या प्रश्नास कोणी काय सांगावें? उत्तरें आलीं कीं तीं तशींच लावावयाचीं, आणि संभाषणाचा भास व्हावा म्हणून मधूनमधून कंसांत ‘हसून’ असेंही घालावयाचें. टॉफ्लरनें निदान मोंत्र्योपर्यंत प्रवास तरी केला होता. तीनच प्रश्न पाठवावे, उत्तराची वाट पाहावी, आलेलें उत्तर दोनदां वाचून मग चवथा प्रश्न लिहावा, आणि छापतांना प्रत्येक पत्राची तारीख द्यावी, एवढें करण्यास कोणाची हरकत आहे? मात्र त्यासाठीं प्रश्नकर्त्यानें त्या ग्रंथकाराचीं पुस्तकें आधीं वाचलेलीं असलीं पाहिजेत, आणि खरी अडचण तेथेंच असावी.

फेरांतेनें पुढें २०१८ सालीं ‘गार्डियन’ या इंग्रजी पत्रांत वर्षभर दर आठवड्यास लहान लेख लिहिले. संपादकांनीं प्रश्न पाठवावे, त्यांवर आपण लिहूं, अशी तिची अट होती. लेख ‘इन्सिडेंटल इन्व्हेन्शन्स’ (२०१९) या नांवानें ग्रंथरूपानें आले. प्रश्न मात्र वाचकांपुढें आलेच नाहींत. लेख सुबक आहेत, पण ते वाचतांना टेलिफोनवर बोलणाराची एकच बाजू कानीं पडावी तसें होतें. मूळ प्रश्न काय असेल याचा तर्क मी पानोपानीं करीत राहिलों, आणि दोन ठिकाणीं तरी तो उत्तरापेक्षां सरस असावा असें वाटलें.