प्रवेशाचा टक्का नेमकं काय सांगतो?

"ऑक्सफर्डला कुठल्या विषयात चान्स जास्त?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. सोबत विषयवार आकड्यांचा तक्ता असतो. तक्ता खोटा नाही, पण आपण तो चुकीचा वाचतो, असं माझं मत आहे.

आधी आकडे बघू. तिथे पदवीसाठी वर्षाला साधारण 23 हजार अर्ज येतात आणि जागा 3,300 च्या आसपास. म्हणजे सातामागे एक. ही झाली सरासरी. अर्थशास्त्र-व्यवस्थापन या जोडविषयात पंधराहून जास्त अर्जांमागे एक जागा पडते. क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासक्रमाला, साधारण तीनामागे एक.

मग क्लासिक्स सोपं? अजिबात नाही. शाळेत लॅटिन शिकणारी मुलंच मुळात थोडी, त्यामुळे चाळणी अर्जाच्या आधीच लागलेली असते. टक्का मोठा दिसतो कारण छेद लहान आहे.

केंब्रिजच्या गणिताचं वेगळंच. तिथे जागांपेक्षा बऱ्याच जास्त ऑफर देतात आणि खरी गळती नंतर 'स्टेप' परीक्षेत होते. म्हणून ऑफरचा टक्का आणि प्रवेशाचा टक्का एकाच रांगेत मांडणं ही सरळ चूक आहे.

आणि तुम्ही तर पीएचडीची तयारी करताय ना? मग पदवीचा हा तक्ता बाजूला ठेवा. तिथे तुमच्या प्रश्नावर काम करणारा मार्गदर्शक आहे का आणि पैसे कुठून येणार, यावर सगळं अडतं. टक्का बघून विषय बदलू नका. पुढची तीन-चार वर्षं त्या विषयासोबत तुम्हालाच काढायची आहेत.