ताप येईल, हे आधी सांगणारं वाक्य

समीक्षा पुस्तकांची होते, सिनेमांची होते. घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या ऑडिओची कुणी करत नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या घरावर सगळ्यात जास्त परिणाम कुठल्या मजकुराचा झाला असेल, तर तो एका दीड मिनिटाच्या ऑडिओचा. म्हणून इथे मी तो आणि त्याला उत्तर म्हणून आलेले मजकूर शेजारी ठेवून वाचणार आहे. त्यातला एक मीच लिहिलेला आहे.

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांना एक डोस, शाळेत जाणाऱ्यांना शाळेतच. त्याच आठवड्यात तो ऑडिओ आला. एक बाई बोलत होती. ‘आमच्या इथल्या’ शाळेत इंजेक्शन दिल्यावर एक मुलगी चक्कर येऊन पडली, डॉक्टर काही सांगत नाहीत, या सुईने पुढे मुलं होत नाहीत, उद्या लेकरांना शाळेत धाडू नका. मागे कुठेतरी पोर रडत होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात वहिनींनी तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सहा वर्षांची पुतणी घरी राहिली.

कथा म्हणून या ऑडिओत बरंच काही जमलेलं आहे. बोलणारी आई आहे, अधिकारी नाही. आवाज घाबरलेला आहे. गावाचं नाव नाही, म्हणून ते कुठलंही गाव होऊ शकतं. तारीख नाही, म्हणून तो कधीच शिळा होत नाही. आणि शेवटी करायला एक सोपी गोष्ट दिलेली आहे.

उणीव एकच, पण मोठी. पडलेल्या मुलीचं पुढे काय झालं, हे ऑडिओ सांगत नाही. खऱ्या घटनेला ‘पुढे’ असतं. मुलगी घरी जाते, दुसऱ्या दिवशी शाळेत येते किंवा येत नाही. रांगेत उभ्या मुलांना सुईच्या धास्तीने चक्कर येणं, एकीला बघून दुसरीला येणं, हे डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. अशी मुलं थोडा वेळ आडवी झाली की सावरतात. ऑडिओ मात्र मुलगी पडते तिथेच थांबतो, कारण ती उठली तर कथा संपते.

मूल न होण्याच्या भीतीला तर उत्तर आपल्या घरातच आहे. १९८५ पासून देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आहे. ती घेतलेली कितीतरी मुलं आज आईबाप आहेत. त्यातले काही हाच ऑडिओ पुढे पाठवत होते. उलट रुबेला गरोदर बाईला झाला, तर पोटातलं बाळ दगावू शकतं किंवा ते ऐकू न येणारं, दिसू न शकणारं, हृदयात दोष असलेलं जन्माला येऊ शकतं. म्हणजे ज्या लसीवर वांझपणाचा आळ होता, ती होणाऱ्या बाळांना जपणारी आहे.

दुसरा मजकूर सरकारी छापाचा. तुम्ही तो भिंतीवर, एसटी स्टँडवर, मोबाइलवर पाहिला असेल. लस पूर्णपणे सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. वर मान्यवरांचे फोटो, खाली हसरं बाळ. हेतूबद्दल शंका नाही, पण वाचक म्हणून माझी तक्रार ‘पूर्णपणे’ या शब्दाबद्दल आहे. लसीनंतर दंड सुजतो, ताप येतो, बाळ रात्रभर किरकिर करतं. हे ज्या आईने पाहिलंय, तिच्यासाठी पोस्टरचा पहिलाच शब्द खोटा ठरतो. मग ती उरलेला मजकूर कशाला वाचेल?

आमच्याकडे नेमकं हेच झालं. पुतण्या ऑक्टोबर २०२० चा. साडेतीन महिन्यांचा असताना पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस झाला आणि तो रात्रभर तापला. असं होऊ शकतं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच सुमारास, ३१ जानेवारी २०२१ ला, यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजल्याची बातमी आली. ती अफवा नव्हती. मुलं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. चूक लसीची नव्हती, हाताळणीची होती. पण ‘पूर्णपणे सुरक्षित’ म्हणणाऱ्या पोस्टरवर हा फरक सांगायला जागाच नसते. वहिनींनी ताप आणि बातमी एकत्र जोडली. नवव्या महिन्याची गोवराची लस राहिली ती राहिलीच.

आता तिसरा मजकूर, माझा. मी तेव्हा पुण्यात होतो. ग्रुपवर मी एक इंग्रजी लिंक टाकली आणि खाली लिहिलं की शिकलेल्या माणसांनी तरी असल्या अंधश्रद्धा पसरवू नयेत. माहिती बरोबर होती. लसीने ऑटिझम होतो या समजाचं मूळ अँड्र्यू वेकफिल्डच्या १९९८ च्या ‘लॅन्सेट’मधल्या बारा मुलांवरच्या निबंधात आहे, तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासूनही तसा संबंध आढळला नाही, हे सगळं त्यात होतं. पण वहिनींनी ऑटिझमबद्दल विचारलंच नव्हतं. पोर तापलं तेव्हा आपण एकट्या होतो, असं त्या सांगत होत्या. माझ्या मेसेजवर सहा अंगठे आले. वहिनी ग्रुपवर बोलायच्या बंद झाल्या. या लेखातला सगळ्यात वाईट मजकूर माझा आहे.

डिसेंबर २०२२. मुंबईत गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ होती. आमच्या पुतण्यालाही गोवर झाला. ताप, लाल डोळे, पुरळ, मग खोकला आणि जुलाब. आजी कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवत होती. दवाखान्यात त्याला सलग दोन दिवस जीवनसत्त्व ‘अ’चे डोस दिले. पोरगं वाचलं, पण हाडं दिसायला लागली होती आणि पुढचे काही महिने ते सतत आजारी पडायचं. गोवर शरीराची आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, हे २०१९ च्या संशोधनात दिसलं आहे. ते मी वाचलेलं होतं. घरात सांगायला तोंड नव्हतं.

त्या दिवसांत मी एक जुनं इंग्रजी पुस्तक वाचत होतो, मेबल आणि रजनीकांत आरोळे यांचं ‘जामखेड’, १९९४ चं. आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा बालमृत्यू हजारामागे १७६ च्या घरात होते आणि लसीकरण नसल्यातच जमा होतं. दोन दशकांत हे चित्र उलटलं. पुस्तक संस्थापकांनीच लिहिलेलं आहे, त्यामुळे यशाचा सूर मोठा आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचायला हवं. पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. दुष्काळात गावाला पाणी आणि मुलांना जेवण हवं होतं, म्हणून कामाची सुरुवात विहिरी आणि सामूहिक स्वयंपाकघरांपासून झाली. गावांनी आपल्यातल्याच बाया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर. देवीचा कोप, बाहेरची बाधा या समजुती त्यांना बाहेरून कळलेल्या नव्हत्या, त्या स्वतः त्यांत वाढल्या होत्या. म्हणून त्यांना ऐकणारीला हिणवावं लागलं नाही.

त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, डॉक्टर असे आहेत, सुंदर, महाग, उंचावर. मग हातातला छोटा दिवा दाखवून म्हणाल्या की हा स्वस्त आहे आणि याच्यावरून दुसरा दिवा लावता येतो. हे वाचताना मला तो ऑडिओ आठवला. तोही असाच एकीकडून दुसरीकडे गेला होता. आम्ही मात्र त्याला झुंबराने उत्तर देत होतो.

माझ्या लेखी सरकारचा सगळ्यात चांगला मजकूर पोस्टरवर नाहीच. लस दिल्यावर नर्सबाईंनी आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कुठली लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी कधी आणि कुठे यायचं, कार्ड जपून ठेवा. शिवाय अर्धा तास तिथेच थांबा. यातली त्रासाबद्दलची गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची. ‘आज रात्री ताप येईल’ हे आधी सांगितलं, तर आलेला ताप सांगणारीचं बोलणं खरं ठरवतो. सांगितलं नाही, तर तोच ताप ऑडिओला खरं ठरवतो. गर्दीच्या दिवशी नेमकं हेच वाक्य गाळलं जातं.

पुतण्या बरा झाल्यावर गावातल्या आशाताई घरी आल्या. लसीबद्दल काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, “त्या रात्री ताप किती व्हता? तुमी काय केलं?” वहिनी बराच वेळ बोलल्या. मग आशाताई म्हणाल्या, “ताप येणारच व्हता. तुमाला आधी सांगायला पायजे व्हतं. चुकलंच ते.” पुढच्या सत्राला वहिनी स्वतः पोराला घेऊन गेल्या.

नंतर त्यांनी माहेरच्या ग्रुपवर एक ऑडिओ टाकला. आमच्या गावाचं नाव, पोराचं वय, गोवराचे दिवस, आणि पोर आता कसं आहे, सगळं त्यात होतं. शेवटी त्या म्हणाल्या होत्या की लस घेतली की गोवर होतच नाही. मी फोन केला.

“वहिनी, तेवढं एक वाक्य बदलाल का? दोन डोस झाले तरी शंभरातल्या तीनेक जणांना होऊ शकतो.”

“मग भाऊजी, पुन्हा कुणाला झाला की म्हणतील, बघा खोटं बोलली.”

“म्हणून तर.”

त्यांनी तो ऑडिओ डिलीट केला आणि नवा पाठवला. तो आधीपेक्षा थोडा लांब झाला. त्यात ते तीन जणही होते आणि रात्रीचा तापही.