जुन्या कागदांत काय सापडतं?

'सुरुवातीचं चर्च कसं होतं?' असं विचारणाऱ्याचं उत्तर बरेचदा आधीच ठरलेलं असतं. बिशपांचा अधिकार मानणारा इग्नेशियसची पत्रं पुढे करतो. साधं, पदांची उतरंड नसलेलं चर्च हवं असलेला 'डिडाखे' उघडतो. दोन्ही एकापाठोपाठ वाचली, की दोघांचीही पंचाईत होते.

'डिडाखे' हे साधारण पहिल्या शतकाच्या अखेरचं छोटं ग्रीक पुस्तक. त्याची १०५६ सालची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली. पुस्तकाचा सूर अगदी व्यवहारी आहे. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या; ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात; तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. फिरता संदेष्टा तीन दिवस मुक्काम ठोकून बसला किंवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजा. बिशप आणि डीकन तुम्हीच निवडा. म्हणजे लोकांची निवड आहे, पण पदंही आहेत. उपासाचे वारसुद्धा ठरलेले आहेत.

अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. सैनिकांच्या पहाऱ्यात, श्वापदांच्या तोंडी मरण्यासाठी रोमला जाताना त्याने ही पत्रं लिहिली. बिशपला वगळून काही करू नका, हे तो पुन्हा पुन्हा बजावतो. या आग्रहातच खरी गोम आहे. सगळे ऐकत असते, तर इतकं बजावावं कशाला लागलं असतं? शिवाय रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तिथल्या बिशपचा उल्लेखच नाही.

या पत्रांचं पुढे जे झालं, तेही वाचण्यासारखं आहे. नंतरच्या कुणीतरी त्यांत भर घातली, काही अख्खी पत्रं नवी रचली. कॅल्विनने ती सरसकट झिडकारली. १६४४ मध्ये आर्चबिशप जेम्स अशर यांनी इंग्लंडमधल्या लॅटिन हस्तलिखितांच्या आधारे जुना मजकूर वेगळा काढला. दोन व्हर्जन शेजारी ठेवून फरक शोधणं हे माझं रोजचं काम. म्हणून अशर यांचं मला विशेष कौतुक. बिशपपदावरूनच इंग्लंड पेटलेलं असताना, स्वतः बिशप असलेल्या माणसाने आपल्या बाजूच्या पुराव्यातला बनावट भाग काढून टाकला.

फिलदेल्फियाच्या पत्रात इग्नेशियसही याच वादात अडकलेला दिसतो. जुन्या दस्तऐवजांत सापडलं नाही तर आम्ही मानणार नाही, असं काही जण त्याला सुनावतात. माझा दस्तऐवज म्हणजे ख्रिस्तच, असं तो उत्तर देतो. ज्याला आज आपण पुरावा म्हणून काढतो, त्यालाच तेव्हा पुरावा मागितला जात होता. परंपरा तेव्हाही भांडूनच ठरत होती. हे भांडण गाळून ही पत्रं वाचली, तर हातात फक्त आपलं आधीचं मत उरतं.