नाव ठाऊक, पत्ता सापडेना

समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, वेब सिरीजची तर रोजच होते. एरर मेसेजची कुणी करत नाही. खरं तर सोलापुरातली कॉलेजची पोरं जो मजकूर शब्दन्‌शब्द, जीव टांगणीला लावून वाचतात, त्यात याचा नंबर बराच वरचा आहे. उद्या प्रोजेक्ट सबमिट करायचा आणि आज काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी. इतक्या बारकाईने आपण मर्ढेकरही वाचत नाही.

विषय आत्ताच काढायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि घरातल्या दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये ते असेलच असं नाही. यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारं. नवीन घ्यायला पैसे नसतील तर लिनक्स उरतं. ते फुकट आहे, आणि गंमत म्हणजे मराठीतही आहे.

डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर मराठीत आणण्याचं काम मुंबईच्या सी-डॅकमधल्या ‘जनभारती’ गटाने केलं. या कामाबद्दल मला आदर आहे, तो आधी नोंदवतो. हजारो सुटी वाक्यं भाषांतरकारापुढे येतात. कोणतं वाक्य कोणत्या स्क्रीनवर, कोणत्या संकटात दिसणार, हे बऱ्याचदा कळायलाही मार्ग नसतो. तरीही मजकूर म्हणून वाचताना दोन गोष्टी खटकतात.

पहिली शब्दांची. ‘इन्स्टॉल’साठी कुठे अधिष्ठापना, कुठे प्रतिष्ठापन. गणपती बसवतोय की ग्रब, असा प्रश्न पडावा. सोलापुरात घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी असं जगणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी पेठेत, यंत्रमागाच्या शेडमध्ये घडलेली. धोटा अडकला की ‘धोटा अडकला’ म्हणतात. त्यासाठी कुणी समिती नेमत नाही. या पोराला ‘अधिष्ठापना’ इंग्रजीइतकीच परकी, आणि ‘इन्स्टॉल’ हा त्याचा रोजचा मराठी शब्द.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डेबियनची मराठी फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मिळते. साधा, अक्षरांचा इन्स्टॉलर निवडला की यादीतून मराठी गायब. कारण तांत्रिक आहे. ‘कि’मधली वेलांटी साठवताना क-नंतर येते, दिसताना आधी दिसते, जोडाक्षरांचं तर विचारूच नका. अक्षरांची अशी जुळणी त्या साध्या पडद्याला जमत नाही. लिनक्सच्या काळ्या कन्सोलचीही तीच रड: तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जुळणी मुळीच नाही. म्हणजे सगळं सुरळीत असेतो मराठी सोबत असते. ग्राफिक्स कार्ड बिघडलं, कन्सोल उघडला, खरी गरज लागली, की मराठीच्या जागी चौकोन. लग्नात पुढे-पुढे करून दवाखान्याच्या वेळी फोन न उचलणाऱ्या पाहुण्यासारखं.

आता नेटवर्कच्या एररकडे या, कारण लिनक्सच्या गद्यातला सगळ्यात काटेकोर भाग हा आहे. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’, ‘नो रूट टू होस्ट’, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’. ही चार वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात त्या गावाला जाणारा रस्ताच यंत्राला माहीत नाही. दुसऱ्यात निघालो, पण घरातून कुणी ओ दिली नाही. तिसऱ्यात दार उघडलं आणि तोंडावर ‘इथे कुणी नाही’ म्हणून लावलं. म्हणजे यंत्र सापडलं, सेवा बंद आहे. चौथ्यात नाव ठाऊक, पत्ता सापडेना. तेव्हा पिंग करून बघायचं: ८.८.८.८ला उत्तर येतं आणि वेबसाइटच्या नावाला येत नाही, तर नेट चालू आहे, फक्त डीएनएस बिघडलंय. आणि स्वतःचाच पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. यंत्राने आपल्या मनाने एक लावून घेतलाय.

या चौघांना ‘जुळवणी अपयशी’ असं एकच मराठी दिलं, तर भाषांतर झालं आणि माहिती गेली. मराठीला हे भेद झेपत नाहीत असं नाही. वर मी चारही सांगितले, तेही शब्दकोश न उघडता. अडचण ही की आपण यंत्राच्या तोंडी सरकारी पत्राची मराठी घालतो.

इंग्रजीत सगळं आलबेल आहे असंही नाही. जुन्या लॅपटॉपचं वायफाय चालत नाही, कारण ‘फर्मवेअर फाइल नॉट फाउंड’. फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवायचं, आणि इंटरनेट येणार वायफायवरून. डेबियनने तत्त्व म्हणून मुक्त नसलेलं फर्मवेअर वर्षानुवर्षं मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. २०२२मध्ये मतदान झालं, आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते आत आलं. तत्त्ववाद्यांचं दुःख मला कळतं. पण तत्त्वाची किंमत ज्याच्याकडे दुसरं यंत्रच नाही तो भरत होता, तेव्हा निर्णय बरोबरच झाला. तरीही अडलंच, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साध्या वायरच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, आणि सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे, म्हणजे भाऊच भावाच्या मदतीला.

यावर मराठी लिनक्सचे जुने वापरणारे एक हुकमी मुद्दा काढतात: एरर मराठीत आला तर शोधायचा कसा? उत्तरं इंग्रजीत आहेत. म्हणून ते टर्मिनलमध्ये ‘एलसी_ऑल=सी’ लिहून मराठी तात्पुरती बंद करतात आणि मग कामाला लागतात. मुद्दा खरा आहे, पण त्यातून मराठी नको असं निघत नाही. मूळ इंग्रजी ओळ तशीच राहू द्यावी आणि खाली मराठीत सांगावं, काय झालंय आणि आता काय करून बघायचं. पाठ्यपुस्तकात अवघड उताऱ्याखाली टीप असते तसं. ‘राउटरने पत्ता दिला नाही. केबल तपासा, राउटर बंद करून चालू करा.’ एवढ्या दोन ओळी लिहायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. असली वाक्यं सोलापुरातला कुठलाही लॅपटॉप रिपेअरवाला दिवसातून वीसदा फोनवर बोलतो.